वॉर पिक्चरवर मत ठोकायच्या आधी काय काय बघायचं

पहिलं म्हणजे पिक्चर चालू असताना मोबाईल बाजूला ठेवा. एकदा सलग बघा आणि मग काय ती चिरफाड करा, दर दोन मिनिटांनी "ही रायफल तेव्हा नव्हतीच" म्हणणाऱ्यासोबत परत कोणी बसत नाही.

बघून झालं की चुका वेगवेगळ्या करा, सगळ्या सारख्या नसतात. 'बॅटल ऑफ द बल्ज' (१९६५) मध्ये जर्मन रणगाडे म्हणून अमेरिकन पॅटन फिरवलेत, ठीक आहे, तेवढे खरे जर्मन टायगर रणगाडे आणणार कुठून, माफ. पण खरी लढाई डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमकडच्या आर्डेनच्या जंगलात, बर्फात, धुक्यात झाली आणि जर्मनांनी तसं हवामान मुद्दाम निवडलं होतं कारण त्यात दोस्त राष्ट्रांची विमानं उडू शकत नव्हती, आणि पिक्चरमध्ये शेवटची लढाई चक्क उघड्या कोरड्या माळावर! हे नाही माफ. अख्खा प्लॅनच कळत नाही मग.

दुसरं, कोणाचं काम कोणाच्या नावावर टाकलंय ते बघा. 'यू-५७१' मध्ये अमेरिकन लोक जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा मशीन (जर्मनांचं गुप्त संदेश बनवायचं यंत्र) पळवतात. प्रत्यक्षात ब्रिटिश नौदलाने यू-११० या जर्मन पाणबुडीवरून ते मे १९४१ मध्येच मिळवलेलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. हे चेक करायला दहा मिनिटं लागतात, फक्त तारखा शेजारी शेजारी लिहा.

मग मेलेल्यांचा हिशोब, माझ्या मते सगळ्यात जास्त गडबड इथेच असते. 'बॉर्डर' बघून वाटतं राजस्थानातल्या लोंगेवाला पोस्टवर जवळजवळ अख्खी तुकडी गेली. खरं तर १९७१ च्या त्या रात्री साधारण १२० जवान होते, त्यातले दोन शहीद झाले आणि सकाळी हवाई दलाच्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले. आता मला सांगा, एवढ्या कमी माणसांनी रात्रभर पोस्ट धरून ठेवली आणि जवळपास सगळे जिवंत राहिले ही जास्त भारी गोष्ट नाही का? पण रडवायचं असेल तर माणसं मारावी लागतात ना.

आणि जे दाखवलंच नाही तेही लिहून काढा, म्हणजे रसद, डिझेल, नुसतं वाट बघणं, आजारपण. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैनिक गोळीपेक्षा टायफॉइडसारख्या रोगांनी जास्त मेले, पण जुलाब होऊन मेलेला हिरो दाखवायला प्रोड्यूसर तयार होईल का?