ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळ्या: या चुका टाळा

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची गडबड, खाली रिक्षा उभी, आणि त्यातच मी गोळ्या समजावत असते. "कळलं ना काका?" "हो सिस्टर, कळलं." सर्जिकल वॉर्डात वर्षं काढली, म्हणून सांगते, त्या 'हो'वर विसंबू नका. गोळ्यांची पिशवी पेशंटच्याच हातात द्या आणि विचारा, "आज रात्री यातलं काय घेणार?" चूक तिथेच सापडते.

बहुतेक वेळा ती पॅरासिटामॉलची असते. ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं, दुखण्यावरचं जोरदार औषध) आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी ऑपरेशननंतर सर्रास लिहून देतात, तिच्यात ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. घरी जरा कणकण वाटली, की डब्यातली पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी वरून घेतली जाते. एका आजींच्या पिशवीत वेगवेगळ्या नावांच्या तीन स्ट्रिप निघाल्या, तिन्हींत पॅरासिटामॉल! मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको; वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहूनही कमी, किती ते डॉक्टरांना विचारा.

काहीजण उलट करतात. "सवय लागेल" म्हणून दात-ओठ खात गोळीच घेत नाहीत. हर्नियाचे एक काका दुखेल म्हणून खोकलेच नाहीत, तिसऱ्या दिवशी छातीत कफ. थोडे दिवस, सांगितलेल्या मात्रेत घेतली तर सवयीचा धोका कमी असतो. पूर्वी कसलं व्यसन असेल तर मात्र ते लपवू नका. दुखणं शून्यावर येणार नाही. पोटाशी उशी धरून खोकता आलं, उठून बाथरूमपर्यंत जाता आलं, म्हणजे गोळी काम करतेय.

पोट साफ होत नाही म्हणून लगेच इसबगोल नको. ट्रामाडॉलने आतड्यांची हालचाल मंदावते, त्यात पाणी कमी प्यायलं तर इसबगोल फुगून आतच अडकू शकतं. शौचाचं औषध डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. फिट्स येत असतील किंवा डिप्रेशनची औषधं चालू असतील, तर ट्रामाडॉल सुरू करण्याआधी सांगा.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "झोपलेत, झोपू दे." ट्रामाडॉलसोबत झोपेची गोळी किंवा दारू गेली असेल तर श्वास मंदावू शकतो. हाक मारून, हलवूनही जाग येत नाही, घरघर ऐकू येते, ओठ निळसर दिसतात? लगेच १०८ ला फोन करा.

आणि उरलेल्या चार गोळ्या. शेजारच्या मावशींचा गुडघा दुखतो म्हणून त्या देऊ नका. २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मेडिकलवाला परत घेत नसेल, तर स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. नातवंडांचा हात पोचतो त्या खणात तर मुळीच ठेवू नका.