पांढऱ्या घोड्याची प्रदक्षिणा: खडूच्या टेकडीवर एक दिवस कसा चालावा

इंग्लंडच्या दक्षिणेत राहणाऱ्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "इथे डोंगर कुठे आहेत? नुसती टेकाडं." स्विंडनहून अर्ध्या तासावर अफिंग्टनची व्हाइट हॉर्स हिल आहे, उतारावर भला मोठा पांढरा घोडा कोरलेली, उंची २६१ मीटर. सिंहगड चढणाऱ्याने हसावं अशीच. मीही हसले होते. मग ऑक्टोबरातल्या एका ओल्या सकाळी साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये तिथल्या उतारावर सपशेल बसले आणि पँटवर पांढरा शिक्का घेऊन घरी आले.

ही टेकडी खडूची आहे. शाळेतला खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो. हा खरा खडू, प्राचीन समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं तळाशी साचून बनलेला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याच्याही आधीचा. पाऊस पडला की खडू पाणी पिऊन टाकतो. म्हणून माथ्यावर ओढा नाही, तळं नाही. तेच पाणी पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतं आणि गावंही तिथेच, एका ओळीत वसली आहेत. वाट आखताना एवढं डोक्यात ठेवा: वर कोरडं, खाली पाणी.

फेरी साधारण आठ-नऊ किलोमीटरची आहे. डबा, फोटो आणि "जरा बसू या" धरून चार तास लागतात.

निघण्याआधी

ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर १७० हा नकाशा घ्या, कागदी. फोनवर चालणारच आहात, पण माझ्या फोनमधला निळा ठिपका एकदा शेताच्या मधोमध जाऊन बसला होता, आणि मी कुंपणाच्या या बाजूला. नकाशावर हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाटा. प्रत्यक्षात खांबांवर बाण असतात: पिवळा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळ्या वाटेवर घोडे आणि सायकलीही येतात.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि वर चिकटतोही. शंभर पावलांत तळव्याखाली पांढऱ्या चिखलाचा आणखी एक तळवा तयार होतो. काठी असेल तर बरं. वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही हवंच, कारण माथ्यावर आडोसा नाही. पाणी घरूनच न्या, माणशी दीड लिटर. डब्यात पोळीचे रोल आणि कोरडी चटणी. रस्सा-बिस्सा नको, वाऱ्यात सांडतो. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी दहानंतर निघू नका. जूनमध्ये ही चिंता नाही, रात्री नऊनंतरही उजेड असतो.

कोणत्या दिशेने फिरायचं

देवळातल्यासारखं, उजवीकडून. टेकडी उजव्या हाताला ठेवायची. यात भक्तीपेक्षा गुडघ्यांचा विचार जास्त आहे: वूलस्टनकडचा चढ उभा आहे, आणि ओल्या खडूवर उभं उतरण्यापेक्षा चढणं केव्हाही सोपं.

वाट

टेकडीच्या कुशीत नॅशनल ट्रस्टचा (वारसास्थळं जपणारी संस्था) पैसे भरून गाडी लावायचा तळ आहे. तिथून गवतातली वाट धरून घोड्याकडे चढा. हा घोडा म्हणजे उतारावर खोदलेले चर, ठेचून भरलेल्या खडूने पांढरे केलेले. लांबी सुमारे ११० मीटर, वय अंदाजे तीन हजार वर्षं. गवत चरांवर सतत चढत असतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी तो साफ करत आलं म्हणूनच तो उरला. आजही स्वयंसेवक गुडघ्यावर बसून हातोडीने नवा खडू ठेचतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खूण मिळू नये म्हणून तो झाकून ठेवला होता. पूर्वी लोक डोळ्यावर उभं राहून इच्छा मागत. आता चरांवर पाय ठेवू नका.

जवळून मात्र घोडा दिसतच नाही. एक पांढरा पट्टा, एक वळण, बस्स. पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटतं.

वर अफिंग्टन कासल आहे. कासल म्हटल्यावर बुरुज शोधू नका. लोहयुगातला मातीचा बांध आणि खंदक, आत मेंढ्या. वसंतात इथे चंडोल डोक्यावर इतका उंच जाऊन गातो की आवाज येतो आणि पक्षी सापडत नाही. सशांच्या बिळापाशी पांढरा भुगा पडलेला असतो आणि त्यात गारगोट्या: वरून पांढरी साल, आतून काळ्या काचेसारख्या. मी एका गारगोटीच्या काळ्या अंगावर खडूच्या खड्याने 'श्री' काढला. मस्त उमटला.

कासलच्या दक्षिणेला रिजवे लागते: एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत १३९ किलोमीटरची प्राचीन वाट. तिच्यावर उजवीकडे, पश्चिमेला वळा. दोन्ही बाजूंना गहू-जव, मध्ये पांढरी वाट. साधारण दोन किलोमीटरवर उजव्या हाताला बीच झाडांच्या झुबक्यात वेलंड्स स्मिदी, म्हणजे वेलंडची लोहारशाळा आहे: प्रत्यक्षात पाच हजारांहून अधिक वर्षं जुनं दफनस्थान. दारात माणसाहून उंच शिळा उभ्या. गोष्ट अशी की नाल निघालेला घोडा इथे बांधून एक नाणं ठेवायचं; वेलंड नावाचा अदृश्य लोहार नाल ठोकून ठेवतो. डबा इथेच खा, वारा लागत नाही. दगडांच्या फटीत नाणी खुपसू नका, दगडांना इजा होते.

आता रिजवेवरून थोडं मागे या आणि पहिल्या आडव्या वाटेने डावीकडे, उत्तरेला उतरा. उतार सौम्य आहे. बी ४५०७ हा रस्ता येईल. अरुंद आहे आणि गाड्या जोरात येतात, मुलांचा हात धरा. पलीकडे एक छोटं गाव. पाटीवरची अक्षरं 'कॉम्प्टन बोशांप' अशी वाचावीशी वाटतात, उच्चार मात्र कॉम्प्टन बीचम. तिथलं चर्च खडूच्याच दगडाचं आहे. भिंतीला हात लावून बघा, बोटाला पांढरं लागतं.

इथून पूर्वेला नाइटनवरून वूलस्टनपर्यंत शेताशेतांतून वाट जाते. पीक उभं असलं तरी सार्वजनिक वाटेवरून चालायचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. फक्त एकामागे एक चाला. फाटक जसं मिळालं तसं ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. गाईंना सह्याद्रीतल्या गाई समजून मध्ये घुसू नका. वासरं असली की त्या अंगावर येतात. मी एकदा कळप पाहून कुंपणाकडेने लांबचा वळसा घेतला, वीस मिनिटं गेली, गेली तर गेली. कुत्रा बरोबर असेल तर दोरी हातात, पण गाय धावून आली तर दोरी सोडून द्या.

वूलस्टनमध्ये झऱ्याचा आवाज येतो, सगळ्या सकाळीत पहिल्यांदा. गावात पब आहे. त्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. मग बी ४५०७ पुन्हा ओलांडून वर. डावीकडे दिसणाऱ्या कोरड्या घळीचं नाव आहे मेंजर, म्हणजे चक्क गव्हाण: घोडा रात्री खाली उतरून इथे चरतो म्हणतात. तिच्या पलीकडची सपाट डोक्याची टेकडी ती ड्रॅगन हिल. सेंट जॉर्जने राक्षसी सापाला तिथे मारलं, रक्त सांडलं त्या जागी गवत उगवत नाही, अशी कथा. उघडा पडलेला खडू दुरूनही दिसतो. चढ दमवतो, पण पंधरा-वीस मिनिटांत गाडीचा तळ येतो.

बूट डिकीत वर्तमानपत्रावर ठेवा, नाहीतर मॅटवरचे पांढरे डाग आठवडाभर घासावे लागतील. आणि घरी जाताना थेट स्विंडन धरू नका. आधी उत्तरेला, लाँगकॉटच्या बाजूला जा, सोयीची जागा बघून थांबा आणि मागे वळून पाहा. सकाळी ज्याचा एक पट्टाच दिसला होता तो घोडा तिथून अख्खा दिसतो.