गालिच्याला पाणी नको, धोपटणं हवं

आमच्या हॉलमधला सहा बाय चारचा लोकरी गालिचा सासऱ्यांनी काशीयात्रेहून येताना भदोहीतून आणलेला. तांबडा, काठाला निळ्या वेली. एका दिवाळीआधी मी तो ड्रायक्लीनला दिला, तर त्यांनी चक्क पाण्यात बुचकळला. परत आला तेव्हा तांबडा रंग वेलींत उतरलेला आणि सुरळी उलगडताच ओल्या मेंढीचा वास. तेव्हापासून सगळं घरीच करते.

आधी गालिचा उलटा करून बघा. पाठीवर तीच नक्षी आणि बारीक गाठी दिसल्या तर तो हाताने गाठी मारून विणलेला. पाठीला कापड चिकटवलेलं असेल तर बहुतेक टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेला. त्यातली लव, म्हणजे वरचे उभे धागे, रबरी चिकाने धरलेली असते, म्हणून तो जोरात धोपटू नका, भिजवू तर मुळीच नका.

डागांचं आपण उगाच कौतुक करतो, गालिचा मारते ती कच. पायांबरोबर आलेली बारीक वाळू लवेच्या बुडाशी जाऊन बसते आणि पावलागणिक लोकर कातरत राहते. वरून सगळं छान दिसतं. दोन महिन्यांतून एकदा मी गच्चीवर जुनी चादर अंथरते, त्यावर गालिचा पालथा घालते आणि पाठीवर वेताची छडी चालवते. जागा बदलत, बेताने. मग उचलायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा चादरीवर वाटीभर वाळू होती, आणि रोज झाडू मारणारी मी बघतच राहिले.

एरवी आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम, फिरता ब्रश बंद ठेवून. हात फिरवून बघा, मांजराच्या पाठीसारखं गुळगुळीत लागतं ती लवेची दिशा, तिकडेच ओढायचं. कडेचे गोंडे मात्र हातानेच झटका, यंत्र ते गिळतं.

काही सांडलं की घासायचं नाही. भाच्याने पूर्ण कप चहा ओतला तेव्हा मी पंचाची घडी त्यावर ठेवून वर उभीच राहिले. घडी बदलत राहायची. मग चमच्याने गार पाणी, पुन्हा टिपणं, कडेकडून मधे. तरी डाग राहिला तर वाटीभर पाण्यात लोकरीच्या कपड्यांच्या पातळ साबणाचे तीन-चार थेंब. त्याआधी एका कोपऱ्यात ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का ते बघा. लोक खायचा सोडा भुरभुरायला सांगतात. मी नाही वापरत. लोकर म्हणजे केसच, सोड्याने ती राठ होऊ शकते.

हळदीचं वेगळं. वरण सांडलं की चमच्याने खरवडून काढा आणि साबण अजिबात लावू नका, हळद लालभडक होते. नुसत्या गार पाण्याने टिपा, वाळू द्या आणि तेवढाच भाग सकाळच्या उन्हात ठेवा. बाकीचा गालिचा चादरीने झाका, नाहीतर त्याचाही रंग उडेल. आमचा डाग आठवड्यात दिसेनासा झाला.

जूनच्या आधी गालिचा उचलायचा. धोपटून, ऊन दाखवून, पुरता कोरडा झाल्यावर सुरळी करायची, घडी नाही. घडीवर वीण मोडते. वर जुनी सुती साडी. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. मी कडुनिंबाचा पाला ठेवते खरी, पण भरवसा त्यावर नाही. कसरीच्या अळ्या अंधारात निवांत लोकर खातात, म्हणून पावसाळ्यातही उघाड मिळाली की उलगडून बघते.

अंथरलेला असताना गुढीपाडवा आणि दसरा असा वर्षातून दोनदा फिरवून ठेवते. खिडकीकडची बाजू दाराकडे आली की रंग सगळीकडे सारखाच विटतो. यंदा फिरवताना सासूबाईंनी विचारलं, ‘‘या वेलींत तांबडं पहिल्यापासून होतं का गं?’’ मी हो म्हटलं.