मंगोलियातील पशुपालक कुटुंबाकडे हिवाळी मुक्काम: पूर्वतयारी आणि वागणूक

मंगोलियातील पशुपालक कुटुंबे वर्षभरात अनेकदा मुक्काम हलवतात. हिवाळ्यात मात्र ती डोंगराच्या आडोशाला, उत्तरेचा वारा अडेल अशा एकाच ठिकाणी थांबतात. ‘ओवोल्जो’ नावाच्या या हिवाळी तळावर जनावरांसाठी लाकडाचे किंवा दगडाचे निवारे कायमचे बांधलेले असतात. उन्हाळ्यात पाहुण्यासमोर दूधदुभत्याची रेलचेल असते, पण हिवाळ्यात सरपण, मांस आणि चारा हे सगळे वसंत ऋतूपर्यंत पुरवायचे असते. म्हणूनच आपला भार या साठ्यावर पडणार नाही, याची व्यवस्था पाहुण्याने आधी करावी आणि थंडीच्या कपड्यांचा विचार त्यानंतर करावा.

काळ निवडताना तेथील लोकांची गणना उपयोगी पडते. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, म्हणजे एकूण 81 दिवस मोजले जातात. तिसऱ्या टप्प्यात तीन वर्षांच्या बैलाचे आणि चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचे शिंग गोठते, असे म्हणतात. साधारण 9 ते 26 जानेवारी या दिवसांत रात्रीचे तापमान उणे 30 अंशांच्या खाली जाणे नवलाचे नसते, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने हे टप्पे टाळलेले बरे. फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागतो आणि बर्फावर ऊन पडते. मात्र चांद्र नववर्षाच्या, म्हणजे त्सागान सारच्या दिवसांत घर नातेवाइकांनी भरलेले असते. त्या वेळी स्पष्ट बोलावणे असेल तरच जावे. मार्चमध्ये कोकरांचा जन्म सुरू झाला की कुटुंबाला रात्रीची झोपही पुरत नाही, त्यामुळे तेव्हा पाहुणा म्हणजे अडचणच. मुलांना भेटण्याची इच्छा असेल, तर शाळेची सुटी कधी आहे हे विचारून घ्यावे, कारण एरवी बहुतेक मुले सूमच्या, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावात वसतिगृहात असतात.

मुक्काम परस्पर ठरवू नये. ज्या वाटाड्याची किंवा चालकाची त्या कुटुंबाशी आधीपासून ओळख आहे, त्याच्यामार्फतच ठरवावा. रात्रीचे, जेवणाचे आणि सरपणाचे किती तोग्रोग, म्हणजे तेथील चलन, द्यायचे, हे राजधानी उलानबातर सोडण्यापूर्वी नक्की करून तेवढी रोकड बरोबर घ्यावी. चार दिवसांत चार कुटुंबे पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात पदरी पडतो तो बहुतेक गाडीतला प्रवास. एकाच तळावर तीन रात्री राहिल्यास पहिल्या दिवशीचे अवघडलेपण सरते आणि घरच्यांनाही पाहुण्याची सरबराई सोडून आपापल्या कामाला लागता येते.

सामानात तांदूळ, पीठ, साखर, चहा आणि शक्य असल्यास ताजी फळे असावीत. फळे गाडीच्या मागच्या भागात न ठेवता आत उबेत ठेवावीत, नाहीतर पोहोचेपर्यंत ती दगडासारखी होतात. कपाळावर बांधायचे दिवे आणि बॅटरी या भेटी नेहमीच कामी येतात. सरपणाची एक-दोन पोती बरोबर नेण्याबद्दल चालकाशी आधीच बोलावे. कपड्यांचे थर तर हवेतच, पण खरी कसोटी पायांची असते. बूट एक माप मोठा घ्यावा आणि आत उंटाच्या लोकरीचे मोजे घालावेत. घट्ट बुटात पाय लवकर गारठतात. शाकाहारी व्यक्तीने आपला शिधा पूर्णपणे स्वतः न्यावा आणि तसे आधीच कळवावे, कारण हिवाळ्याचे जेवण म्हणजे प्रामुख्याने मांस, पिठाचे पदार्थ आणि मीठ घातलेला दुधाचा चहा. मांस बाजूला काढून उरलेले वाढण्याची विनंती यजमानीणबाईंना कोड्यात टाकते.

तळाजवळ पोहोचल्यावर गाडीतून लगेच उतरू नये. तेथील कुत्री राखणीची असतात, म्हणून ‘नोखोई खोर’, म्हणजे ‘कुत्रा आवरा’, अशी हाक देऊन घरचे कोणी बाहेर येईपर्यंत थांबावे. गेर या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूचे दार दक्षिणेकडे असते. उंबरठ्यावर पाय न देता आत शिरावे आणि डावीकडून, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने, पुढे जावे. उजवी बाजू घरातील स्त्रियांची व स्वयंपाकाची असते, तर दारासमोरची उत्तरेची जागा ज्येष्ठांची आणि मानाची. मधल्या दोन खांबांच्या मधून जाऊ नये व त्यांना टेकूही नये. चुलीत कागद, कचरा टाकू नये आणि तिच्याकडे तळवे करून बसू नये. चहाची वाटी उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी घ्यावी आणि नको असला तरी एक घोट तरी घ्यावा. तपकिरीची डबी पुढे आल्यास ती उजव्या हाताने घेऊन हुंगावी आणि परत द्यावी. तपकीर ओढलीच पाहिजे असे नाही. नियमांची ही यादी लांबलचक वाटते खरी, पण परक्याकडून चूक झाली तर घरचे बहुधा हसून सोडून देतात. चुलीच्या बाबतीत मात्र चूक होऊ देऊ नये.

रात्र हा या मुक्कामातील सर्वांत अवघड भाग. वाळलेले शेण झपाट्याने जळते आणि निखारा फार टिकत नाही, त्यामुळे झोपताना अंगावरचे कपडे काढावेसे वाटतील इतकी ऊब असते, तर पहाटे तीनच्या सुमारास उशाशी ठेवलेल्या बाटलीत पाण्यावर बर्फाची पापडी धरते. म्हणून उणे 30 अंशांची झोपण्याची पिशवी न्यावी आणि पाण्याची बाटली, मोबाइल व बॅटरी तिच्या आतच ठेवावी. चूल पुन्हा पेटवण्याचे काम घरच्यांवर सोडावे. धुराड्याची झडप आणि छताच्या झरोक्यावरचा पडदा न विचारता हलवू नये, कारण धूर कोंडला तर जिवावर बेतते. रात्री डोके दुखू लागले किंवा मळमळले तर संकोच न करता सर्वांना उठवावे आणि मोकळ्या हवेत जावे. शौचाला बाहेर जावे लागते, तेव्हाही कोणाला तरी सांगून आणि दिवा घेऊनच निघावे. कॅमेरा बाहेरून आत आणण्यापूर्वी पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर भिंगावर दव धरते.

दिवसाचे वेळापत्रक जनावरांचे असते. ऊन वर आले की मेंढ्या-शेळ्या चरायला सुटतात आणि अंधारापूर्वी परत आणल्या जातात. मधल्या वेळात नदीचा बर्फ फोडून आणणे, शेण गोळा करणे, निवारा साफ करणे ही कामे चालतात. बर्फाच्या लाद्या वाहून आणणे हे काम कोणालाही जमते आणि ते केल्यावर घरातला वावर सोपा होतो. कळपाच्या मागे घोड्यावरून जायचे असेल तर ते यजमानाने सुचवू द्यावे. नाक किंवा बोटे पांढरी पडून बधिर झाली तर काम थांबवून आत यावे. तो भाग चोळू नये आणि चुलीलाही लावू नये. काखेत किंवा अंगाच्या उबेने तो हळूहळू गरम करावा.

निघण्याच्या आठवड्यात त्या भागात ‘झुद’ आहे का, हे वाटाड्याला अवश्य विचारावे. झुदच्या हिवाळ्यात जाड बर्फामुळे किंवा बर्फाच्या कडक थरामुळे जनावरांना गवतापर्यंत पोहोचता येत नाही आणि कळपच्या कळप उपाशी मरतात. 2009-10 च्या हिवाळ्यात देशात 80 लाखांहून अधिक, तर 2023-24 मध्ये 70 लाखांहून अधिक जनावरे दगावली. अशा वर्षी कुटुंबाने ‘या’ म्हटले तरी त्यात भिडेचा भाग असतो. मुक्काम पुढे ढकलावा आणि ठरलेल्या रकमेतून वाटाड्यामार्फत कोंडा किंवा चाऱ्याची पोती पोहोचवता येतील का, ते पाहावे.