खण बाहेर काढा, मग बोला

अमेरिकन अँटिक फर्निचरच्या लिलावात काम कसं मिळतं असं आपल्यातली बरीच मुलं विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी म्युझियम स्टडीज करून पेनसिल्व्हेनियातल्या एका मध्यम आकाराच्या ऑक्शन हाऊसमध्ये लागलो तेव्हा वाटलेलं की आता मस्त कोट घालून कॅटलॉग लिहायचा. पहिले चार महिने फक्त सामान उचललं. ट्रकमधून कपाटं उतरव, लॉट नंबर चिकटव, फोटोसाठी फिरव, परत जागेवर ठेव. चिडचिड व्हायची, पण आता सांगतो, पहिली नोकरी हमालीची मिळाली तरी सोडू नका, कारण उचलणाऱ्यालाच फर्निचरची पाठ आणि पोट दिसतं आणि खरी माहिती सगळी तिथेच असते.

शिक्षणाचं म्हणाल तर डेलावेअरमध्ये विंटरथर आहे, हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँटचा बंगला, १९५१ मध्ये म्युझियम म्हणून उघडला, आणि डेलावेअर युनिव्हर्सिटीबरोबर त्यांचा मास्टर्सचा कोर्स १९५२ पासून चालू आहे. जागा अगदी मोजक्या. मिळाली तर डोळे झाकून घ्या. मला नाही मिळाली.

आता माझी फजिती ऐका. हायबॉय म्हणजे खालचं पाय असलेलं टेबलासारखं आणि त्यावर ठेवलेलं खणांचं उंच कपाट, असे दोन भाग असतात. असा एक आला, मी समोरून बघून ऐटीत लिहिलं, बोस्टन, १७५० च्या सुमारास. आमच्या डिपार्टमेंटच्या बाई आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, वरचा एक खण आणि खालचा एक खण काढून जमिनीवर शेजारी शेजारी पालथे घातले. वरच्याच्या बाजू व्हाइट पाइन लाकडाच्या, डवटेल, म्हणजे खणाच्या कोपऱ्यातले एकमेकांत अडकवलेले दाते, बारीक, नाजूक. खालच्याच्या ट्यूलिप पॉपलरच्या आणि डवटेल जाडेभरडे. दोन सुतार, दोन गावं. ह्याला धंद्यात मॅरेजच म्हणतात, आणि हे लग्न पत्रिका न बघता कुणीतरी नंतर लावून दिलेलं होतं! एस्टिमेटमधलं, म्हणजे अंदाजे किमतीतलं, एक शून्य तिथल्या तिथे गेलं.

तर आधी आतलं लाकूड ओळखायला शिका. बाहेरून महोगनी, अक्रोड, चेरी सगळीकडेच असतं, पण आत सुतार जवळपास मिळेल ते स्वस्त लाकूड घालायचा. बोस्टनकडे व्हाइट पाइन, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला चेस्टनट आणि पॉपलर, फिलाडेल्फियात पॉपलर आणि खणाच्या तळाला बऱ्याचदा पांढरा सीडर. आत ओक निघाला तर तुकडा इंग्लंडचा असायची शक्यता जास्त. मग करवतीच्या खुणा बघा, गोल कमानी दिसल्या तर सर्क्युलर सॉ, गोल फिरणारी करवत, म्हणजे १८३० च्या आधीचं म्हणून लिहायला हात आवरा. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकापासूनचे, त्याआधीचे बोथट. अर्थात स्क्रू नंतर कुणी बदललेलाही असतो, एका पुराव्यावर निकाल देऊ नका. आणि गोल टेबल टेपने दोन्हीकडून मोजा, लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, त्यामुळे अडीचशे वर्षांचं टेबल तंतोतंत गोल निघालं तर मला तरी शंका येते.

पॉलिशबद्दल मी स्वतः चुकीच्या घरातून आलोय, आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या आधी पॉलिशवाला यायचाच. इथे तेच पाप. मूळ रंग असलेली विंडसर, म्हणजे पाठीला बारीक दांड्या असलेली लाकडी खुर्ची आणि घासून चकचकीत केलेली खुर्ची ह्यांच्या भावात जमीन-अस्मान. यूव्ही टॉर्च मारली की शेलॅक केशरी चमकतं, आणि शेलॅक म्हणजे आपली लाख, भारतातूनच जायची, त्यामुळे अंधाऱ्या गोदामात ते केशरी दिसलं की उगाच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटतं.

कॅटलॉगची भाषा कोर्टातल्यासारखी वाचा. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे अभ्यासाअंती अमक्याचं मानलेलं, ‘स्टाइल’ म्हणजे फक्त तसा घाट, वय काहीही असू शकतं. १९८९ मध्ये ख्रिस्टीज ह्या ऑक्शन हाऊसमध्ये व्यापारी निकोलस ब्राउनचं न्यूपोर्टचं डेस्क-बुककेस १ कोटी २१ लाख डॉलरला गेलं, ते तिथल्या जॉन गॉडर्ड ह्या सुताराचं मानतात ते अट्रिब्यूशननेच. पण तो आकडा बघून ह्या लाइनमध्ये येऊ नका. साध्या ब्राउन फर्निचरचे, म्हणजे गडद लाकडाच्या जुन्या सामानाचे, भाव २००० नंतर भरपूर उतरलेत, पगार बेताचे, आणि छोटी हाऊसेस व्हिसा स्पॉन्सर करायला कचरतात, हे इंटरव्ह्यूतच विचारून टाका, लाजू नका.

शिकायला फुकटची जागा म्हणजे प्रिव्ह्यू. जानेवारीत न्यूयॉर्कला अमेरिकाना वीक, म्हणजे जुन्या अमेरिकन वस्तूंच्या लिलावांचा आठवडा असतो, लिलावाआधी माल बघायला कुणीही आत जाऊ शकतं, खण दाखवा म्हटलं तर स्टाफ काढून दाखवतो, आणि जुने डीलर गुडघ्यावर बसून टेबलाखाली टॉर्च मारताना दिसतात त्यांच्या जवळपास रेंगाळायचं. जाताना छोटी टॉर्च आणि टेप घ्या. अंगठी आणि पट्टा काढून ठेवा, माझ्या बक्कलची रेघ एका चेरीच्या टेबलावर उठली होती, आणि कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे वस्तूच्या अवस्थेच्या नोंदीत, ती मलाच लिहायला लावली.