पगारी पीएच.डी. हवी असेल तर पहिला मेल नीट लिहा

विज्ञान-अभियांत्रिकीत पदरचे पैसे घालून पीएच.डी. करू नका. संशोधन हे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळायलाच हवा.

पैसा कुठून येतो ते आधी बघा. जर्मनीत पीएच.डी. बऱ्याचदा विद्यापीठातली नोकरीच असते. टीव्ही-एल ही तिथल्या राज्यांची सरकारी पगारश्रेणी; जाहिरातीत ‘टीव्ही-एल १३, ६५ टक्के’ असं दिसलं, तर पगार म्हणजे त्या श्रेणीच्या पूर्ण पगाराची ६५ टक्के रक्कम. अमेरिकेत साधारणपणे त्या विषयाचा विभागच प्रवेश देतो. फीमाफी, आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल स्टायपेंड. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पीएच.डी. निधी योजनेत अर्ज करत असाल तर नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे नेमणूक होणार त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम-शिक्षण केलेलं चालत नाही. जाहिराती युरॅक्सेस या युरोपीय संघाच्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या पानांवर मिळतात. सीव्ही दोन पानांत बसवा.

खरी गोम आहे प्राध्यापकांना पाठवायच्या मेलमध्ये. पहिल्या वर्षी मी एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला, एकाचंही उत्तर आलं नाही. ‘आपल्या कार्याने अत्यंत प्रभावित झालो’ हे वाक्य त्यांना रोज येतं आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. शंभर मेल टाका, एक तरी लागेल, असा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आठवड्याला दोनच मेल लिहा.

त्या गटाचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर घ्या आणि आकृत्यांसकट पूर्ण वाचा. नुसता सारांश वाचून लिहिलेला मेल लगेच ओळखू येतो. मग जिथे अडलात तेच विचारा. मला उत्तर मिळवून देणारा, बॅटरीच्या एका पेपरवरचा मेल साधारण असा होता: ‘तुमच्या चौथ्या आकृतीत काही शे चक्रांनंतर सेलची क्षमता एकदम घसरते. इलेक्ट्रोलाइट संपतं म्हणून, की ॲनोडवर लिथियम साचतं म्हणून? मी मास्टर्सच्या प्रबंधात इम्पिडन्स मोजला आहे. त्याने यावर काही प्रकाश पडेल का?’ पुढे एकच ओळ: पुढच्या वर्षी तुमच्या गटात पगारी जागा आहे का? एवढंच, दीडशे शब्दांच्या आत. नाव आणि आडनाव पाठवण्याआधी दोनदा तपासा; जुना मेल कॉपी करताना मागच्याच प्राध्यापकांचं नाव राहून जातं आणि तिथेच सगळं संपतं. दोन आठवड्यांनी एक आठवण करा, त्यानंतर गप्प राहा. जाहिरातीत अर्ज पोर्टलवरूनच करा असं लिहिलं असेल तर मेलने तो नियम टाळायला जाऊ नका.

मुलाखत झाली, होकार आला, की पैशाचं बोलायला लाजू नका. किती वर्षांचा निधी आहे, फी कोण भरणार, काम लांबलं तर काय, हे लेखी घ्या. आणि सही करण्याआधी त्याच गटातल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, त्यातला एक तरी शेवटच्या वर्षाचा असू द्या.