आधी ससा काढा, कोट नंतर

मुलांच्या पुस्तकासाठी प्राणी काढायचा म्हटलं की आपण काय करतो, एक गोल, त्यात दोन टपोरे डोळे, वर लांब कान, झाला ससा. मी पण कित्येक वर्षं हेच करत होते आणि एकदा भाच्याने चित्र बघून विचारलं, मावशी हे गाढव आहे का? पोरगं खोटं बोलत नव्हतं.

मग मी बिअ‍ॅट्रिक्स पॉटरची जुनी स्केचेस बघायला लागले. पीटर रॅबिट या सशाची गोष्ट लिहिणारी आणि चित्रं काढणारी इंग्रज लेखिका पॉटर. पुस्तकातला निळ्या कोटातला ससा बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो पण त्याच्या आधीचे कागद बघा, लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमकडे ढिगाने आहेत आणि बरेचसे नेटवर दिसतात. कपडे नाहीत, गोष्ट नाही, नुसता ससा. एकाच कागदावर त्याच सशाचं डोकं बाजूने, समोरून, कान मागे, कान वर.

तर पहिलं काम म्हणजे एकच प्राणी धरा. आज मांजर उद्या घोडा असं नको. तिचा पीटर खराखुरा होता, लंडनच्या शेफर्ड्स बुशमधून ४ शिलिंग ६ पेन्सला आणलेला आणि तिच्या मते ती किंमत अव्वाच्या सव्वा होती. तो ९ वर्षं जगला, शेकोटीपुढे मांजरासारखा पसरायचा. त्याच्या आधीचा बेंजामिन बाउन्सर, त्याला लोणी लावलेला गरम टोस्ट लागायचा. त्याच्यावरून काढलेली चित्रं १८९० मध्ये शुभेच्छापत्रांसाठी ६ पौंडाला विकली गेली, ती तिची पहिली कमाई. एवढी वर्षं रोज समोर बघितल्यावर हात आपोआप वळतो. तुमच्याकडे ससा नसेल तर गल्लीतलं मांजर, शेजारची शेळी, काहीही चालेल, फक्त रोज दिसणारं हवं.

सुरुवात झोपलेल्या प्राण्यापासून करा. मांजर जागं झालं की ते चित्र अर्धं सोडायचं आणि शेजारी दुसरं सुरू करायचं, परत त्याच पोझमध्ये आलं की पहिल्यावर जायचं. खोडरबर लांब ठेवा, नाहीतर एका कानात अर्धा तास जातो आणि तोवर मांजर स्वयंपाकघरात पोचलेलं असतं. वही साधी चालेल, पेन्सिल टूबी, बास.

आता पाय. माझे सगळे प्राणी पायाशी मार खायचे. शेळीच्या मागच्या पायाला उलटा वाकलेला गुडघा दिसतो ना, तो गुडघा नाहीच, ती टाच आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. सशाचं तेच, गुडघा केसांत लपलेला आणि खाली लांबलचक पाऊल. हे कळल्यावर बसलेला ससा एकदम जमिनीवर टेकतो, तोवर तो उशीवर ठेवल्यासारखा दिसतो. पॉटर आणि तिचा भाऊ बर्ट्रम मेलेले प्राणी उकळून सांगाडे काढायचे, म्हणजे हाडं कशी जोडलीत ते कळायला. आपण एवढं नको करूया, सांगाड्याचा एक फोटो समोर ठेवला तरी पुरे. आणि सशाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात हो, समोर नाही, समोर काढले की तो माणूस होतो.

चित्राशेजारी दोन शब्द लिहायची सवय लावा. तिची एक वही १८७५ ची आहे, म्हणजे वय आठ-नऊ, स्कॉटलंडमध्ये सुट्टीला गेलेली असताना सुरवंट काढलेत आणि बाजूला त्यांच्याबद्दल लिहिलंय. मी लिहिते, "कान आतून गुलाबी, कडेला शिरा, दुपारी साडेतीन". रंग लावताना फोटोपेक्षा हेच जास्त कामी येतं.

कपडे सगळ्यात शेवटी, आणि ते जिवंत प्राण्याला घालून बघायला जाऊ नका. तिची हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी), जिच्यावरून तिच्या गोष्टीतली मिसेस टिगी-विंकल झाली, मांडीवर मजेत झोपायची पण अर्धा तास उभी धरली की केविलवाण्या जांभया द्यायची आणि चावायची. म्हणून कपड्यांसाठी तिने कापसाची बाहुली केली. मी जुन्या मोज्यात कापूस भरते, वर रबरबँड लावून मान करते आणि भाचीच्या बाहुलीचा फ्रॉक चढवते, चुण्या कुठे पडतात ते नीट दिसतं, खांदे उतरते ठेवायचे एवढंच लक्षात ठेवा, माणसाचे खांदे दिले की सगळं बिघडतं.

आणि शेवटी कोट खोडून बघा. गोष्टीत पीटरचा कोट जाळ्यात अडकतो, तो तसाच सोडून चार पायांवर पळतो, आणि त्या चित्रात तो शंभर टक्के ससाच आहे. माझ्याकडून हे अजून दहातल्या तीन वेळाच जमतं.